फीत, मिक्सर आणि टाइमलाइन : दूरचित्रवाणीच्या परिभाषेची जडणघडण

दूरचित्रवाणीच्या एडिट सूटमध्ये, म्हणजे संकलनाच्या कक्षात, रोज कानावर पडणारे शब्द एका काळात किंवा एका यंत्रासाठी घडलेले नाहीत. चित्रपटाचे रीळ, थेट प्रक्षेपणाचा स्टुडिओ, चुंबकीय फीत आणि संगणक या चारही टप्प्यांनी आपापले शब्द मागे ठेवले आणि आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ते सगळे एकत्र नांदत आहेत. शिकाऊ संकलकाकडून त्यांच्या व्याख्या पाठ करून घेतल्या जातात. पण त्या शब्दांमागे हाताने करायचे कोणते काम होते, हे सांगितले तर पाठांतराची गरजच उरणार नाही.

क्लोजअप, लाँग शॉट, पॅन (कॅमेरा डावी-उजवीकडे वळवणे), टिल्ट (वर-खाली वळवणे) ही शॉटची परिभाषा सिनेमाकडून तयार मिळाली. लहान पडद्यामुळे क्लोजअपचे महत्त्व वाढले, इतकाच काय तो फरक. दूरचित्रवाणीचे वेगळेपण दिसते ते एका शॉटवरून दुसऱ्या शॉटवर जाण्यात. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर क्षणात जाता येत नसे. एक चित्र हळूहळू विरत जाई आणि दुसरे उमटत येई. क्षणात होणारा बदल म्हणजे कट; हा सावकाश होणारा बदल सिनेमात डिझॉल्व्ह आणि स्टुडिओत मिक्स. सिनेमात कट आधी आणि डिझॉल्व्ह नंतर, तर स्टुडिओत मिक्स आधी आणि कट नंतर, असा हा उलटा क्रम आहे. झूमही उशिराच आला. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर फिरत्या चकतीत वेगवेगळ्या लेन्स बसवलेल्या असत आणि तो कॅमेरा प्रक्षेपणावर नसेल तेव्हाच लेन्स बदलावी लागे. फ्रँक बॅक यांची झूमार लेन्स १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि कॅमेरा जागचा न हलवता विषयाच्या जवळ जाणे शक्य झाले. ट्रॅक आणि झूम यांत आजही काटेकोर भेद करतात तो यामुळेच : ट्रॅकमध्ये कॅमेराच पुढे सरकत असल्याने दृश्यातील वस्तूंची परस्परांशी असलेली मांडणी बदलते, झूममध्ये ती बदलत नाही.

परिभाषेत खरी भर पडली ती फितीच्या काळात. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या फितीवर चित्र मुद्रित करणारे यंत्र आणले. या फितीवरचे चित्र डोळ्यांना दिसत नसे, त्यामुळे ती कापणे हे अतिशय जोखमीचे काम होते. लोहकणांचा द्रव लावून मुद्रणाच्या रेषा उघड करायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली दोन चौकटींमधली नेमकी जागा शोधायची आणि पात्याने फीत छेदायची. शिवाय त्या चित्राचा आवाज फितीवर थोड्या वेगळ्या जागी असल्याने प्रत्येक जोडाला चित्र आणि आवाज यांचा मेळ सांभाळावा लागे. पुढे फीत न कापता एका यंत्रावरून दुसऱ्यावर निवडक मुद्रण करण्याची पद्धत आली आणि तिच्याबरोबर ‘असेंबल’ आणि ‘इन्सर्ट’ हे शब्द आले. असेंबलमध्ये चित्र, आवाज आणि फितीचा वेग सांभाळणारा कंट्रोल ट्रॅक हे सारे नव्याने मुद्रित होई, म्हणून जोडकाम एका टोकाकडून पुढे पुढेच न्यावे लागे. इन्सर्टमध्ये कंट्रोल ट्रॅकला हात न लावता फक्त चित्र किंवा फक्त आवाज बदलता येई, पण त्यासाठी कोऱ्या फितीवर आधी ‘ब्लॅक’, म्हणजे कंट्रोल ट्रॅकसह नुसते काळे चित्र, भरून ठेवावा लागे. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात आठव्या मिनिटाचा शॉट चार सेकंदांनी कमी करायचा ठरला, तर पुढचे सगळे पुन्हा मुद्रित करावे लागे, किंवा फितीची प्रत काढावी लागे आणि प्रत्येक प्रतीगणिक चित्र खालावत जाई. म्हणूनच मुलाखतीतला नको असलेला भाग तेवढ्याच लांबीच्या कटअवेने, म्हणजे बोलणाऱ्यावरून दुसरीकडे नेणाऱ्या शॉटने, झाकणारा संकलक कसबी मानला जाई, आणि तो मान रास्तच होता.

‘बी-रोल’ मात्र त्याही आधीचा. १६ मिलिमीटर फिल्मचे शॉट आळीपाळीने ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन रिळांवर लावत, म्हणजे जोड दिसत नसत आणि डिझॉल्व्हही करता येत असे. हीच रचना पुढे दोन प्लेअर आणि एक रेकॉर्डर या स्वरूपात फितीवर आली. बातमीत निवेदनावर घालायच्या दृश्यांना आज बी-रोल म्हणतात, तो अर्थ नंतर रुळलेला आहे.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस टाइमकोड आला आणि तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असा प्रत्येक चौकटीला स्वतःचा पत्ता मिळाला. भारतात पाल या दूरचित्रवाणी प्रसारणाच्या पद्धतीनुसार सेकंदाला २५ फ्रेम. या पत्त्यामुळेच ऑफलाइन आणि ऑनलाइन अशी कामाची विभागणी शक्य झाली : साध्या यंत्रावर, टाइमकोड छापलेल्या प्रतींवर सगळे निर्णय घ्यायचे, त्यांची यादी करायची आणि महागड्या सूटमध्ये मूळ फितींवरून अंतिम कार्यक्रम बांधायचा.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण १९७४ पासून चित्रपटाच्या शेजारीच आले. त्यामुळे आपल्याकडच्या तंत्रज्ञांच्या बोलण्यात सिनेमाचे आणि स्टुडिओचे शब्द आरंभापासूनच मिसळलेले आहेत.

१९८९ मध्ये अ‍ॅव्हिड या कंपनीची संगणकीय संकलन प्रणाली बाजारात आली आणि मधला शॉट काढला की पुढचे आपोआप सरकू लागले. जुने शब्द टिकले, काहींचे अर्थ मात्र हलले. रिळांचे तुकडे लटकवण्याची ‘बिन’ आता पडद्यावरची फोल्डर झाली आहे. ‘ऑफलाइन’ने तर नवशिक्यांचा गोंधळच उडतो : कच्च्या प्रतींवरचे संकलन हा त्याचा जुना अर्थ कायम आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये हाच शब्द मूळ फाइल सापडत नसल्याची सूचना म्हणूनही येतो.