जुनी स्पोर्ट्स कार आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता उभी असताना) थरथरतेय? कार्बला हात लावायच्या आधी हे वाचा

आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बऱ्याच गाड्या, म्हणजे एमजीबी, ट्रायम्फ टीआर6, डॅटसन झेड वगैरे, 1968 नंतर अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या असतात आणि त्यांच्यावर एमिशनचं, म्हणजे प्रदूषण कमी करणारं सामान असतं: एअर पंप, ईजीआर (जळालेला थोडा गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), गल्प व्हॉल्व्ह (इंजिनात क्षणभर जादा हवा सोडणारा), चारकोल कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ अडवणारा डबा), आणि या सगळ्यांना जोडणारे ढीगभर रबरी पाइप. गाडी मिसिंग मारायला लागली की लोक आधी कार्बचे (कार्ब्युरेटर, हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) स्क्रू फिरवतात. तेवढं प्लीज करू नका.

आधी प्लग, पॉइंट, गॅप, टायमिंग. टायमिंगमध्ये एक गंमत आहे, काही मॉडेलना व्हॅक्यूम रिटार्ड असतो, आयडलला स्पार्क मुद्दाम टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) नंतर पडतो, या रिटार्डचा पाइप कुणी काढून ठेवला की आरपीएम वाढतो, मग कुणीतरी थ्रॉटल स्क्रू मागे घेतो आणि तिथून सगळाच घोळ.

मग व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनाची हवा ओढण्याची ताकद. निरोगी इंजिनात आयडलला व्हॅक्यूम गेज साधारण 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) दाखवतो आणि काटा स्थिर राहतो. कमी असेल तर इंजिन चालू ठेवून एकेक पाइप फडकं गुंडाळून पकडीने चिमटायचा. गल्प व्हॉल्व्हचा पाइप चिमटल्यावर इंजिन एकदम सुधारलं तर चोर सापडला, कारण हा व्हॉल्व्ह ॲक्सिलरेटर सोडल्यावर क्षणभरच उघडायला हवा, उघडा अडकला की मिक्श्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त.

गाडी फक्त आयडलला थरथरते आणि रस्त्यावर मस्त पळते? ईजीआरवर संशय घ्या. आयडलला तो बंद हवा, पण काजळी साचली की थोडा उघडा राहतो. हातमोजा घालून त्याचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) वर उचलायचा, इंजिन अडखळलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर एकतर रस्ता चोंदलाय नाहीतर व्हॉल्व्ह आधीच उघडा आहे.

स्ट्रॉमबर्ग बनावटीचा कार्ब असेल तर वरचं झाकण काढून रबरी डायफ्राम उजेडासमोर धरा. मागे एक टीआर6 आली होती, मालकाने प्लग तीनदा बदलले होते, आणि डायफ्रामला सुईच्या टोकाएवढं भोक! थ्रॉटल बायपास व्हॉल्व्ह आणि टेंपरेचर कॉम्पेन्सेटर पण लीक होतात, ते बघणं आमच्यावर सोडा.

एअर पंप चालू ठेवून सायलेन्सरला गॅस ॲनालायझर (धुरातले वायू मोजणारं यंत्र) लावू नका, पंप एक्झॉस्टमध्ये ताजी हवा ढकलतो त्यामुळे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) खोटा कमी दिसतो आणि तुम्ही विनाकारण मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) करत बसता. आधी पंपाचा पाइप काढून एक्झॉस्टकडचं तोंड बुजवा.

सगळं सामान काढून टाका असा सल्ला खूप जण देतात. आमचं मत वेगळं आहे, अर्धवट काढलेल्या गाड्याच सर्वात जास्त त्रास देतात, एखादं तोंड उघडं राहतंच राहतं, आणि कायद्याची भानगड वेगळीच.

गाडी आणाल तेव्हा काढून डब्यात टाकलेले पाइप, क्लिप, व्हॉल्व्ह सगळं सोबत आणा, आणि जमलं तर आदल्या संध्याकाळीच सोडून जा, थंड इंजिन सकाळी कसं सुरू होतं ते आम्हाला बघायचं असतं.