पोह्यांवरचं लिंबू आणि सातशे रुपयांची बाटली

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात पोह्यांवर पिळून झालेली लिंबाची फोड कधी सरळ कचऱ्यात गेली नाही. आत्या ती आधी कोपरांना घासायची, मग गालांना. माझं चेहऱ्याला लावायचं व्हिटॅमिन सीचं सीरम पाहिलं की तिचा एकच प्रश्न: "लिंबातही तेच असतं ना? मग एवढ्याशा बाटलीला सातशे रुपये कशाला मोजतेस?" तिला दोष तरी कसा देणार? बाटल्यांवर लिंबू-संत्र्याच्या चकत्या छापून हा गोंधळ विकणाऱ्यांनीच वाढवलाय.

मागच्या उन्हाळ्यात या प्रश्नाचं उत्तर आत्याच्या गालावरच उमटलं. सकाळी फोड चोळली, चेहरा जेमतेम पुसला आणि ती गच्चीवर कुरडया राखायला बसली. दहा ते बारा, इंदूरच्या एप्रिलातल्या उन्हात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाल चुरचुरू लागला, तिसऱ्या दिवशी बारीक फोड आले. ते बसले तशी खाली तपकिरी डागांची नक्षी निघाली. गालावर एक पसरट पट्टा आणि तिथून जबड्यापर्यंत एक सरळ ओघळ, रस जसा गळला होता अगदी तसा. आम्ही म्हणत होतो ऊन लागलं. त्वचेच्या डॉक्टरांनी ओघळ पाहिला आणि विचारलं, "लिंबू लावलं होतं का?"

हा प्रताप व्हिटॅमिन सीचा नाही आणि नुसत्या आंबटपणाचाही नाही. लिंबाच्या जातीच्या फळांत, विशेषतः सालीत, फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना उन्हातले यूव्हीए किरण पडले की पेशींना भाजल्यासारखी इजा होते. लगेच काही जाणवत नाही, एक-दोन दिवसांनी कळतं, म्हणून लिंबावर कुणाचा संशय जात नाही. आपलं हिरवं कागदी लिंबू यात परदेशी पिवळ्या लिंबापेक्षा जास्त खट्याळ. आणि आत्या तर सालीसकट चोळत होती! डाग पुसट व्हायला दिवाळी उजाडली. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीचा हा स्वभावच आहे: इजा बरी होते, पण मागे काळा डाग सोडून जाते. म्हणजे डाग घालवायला लावलेल्या गोष्टीनंच नवा डाग दिला.

आता व्हिटॅमिन सी किती, ते पाहू. १०० मिलिलिटर लिंबाच्या रसात ते साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असतं. त्याच रसात सायट्रिक अ‍ॅसिड मात्र ५-६ ग्रॅम, म्हणजे शंभरपटीहून जास्त. जीभ आंबते ती या सायट्रिक अ‍ॅसिडनं; सीचा त्यात वाटा नगण्य. पेरू कुठे आंबट असतो? पण त्यात १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या पुढे सी असतं. हिरव्या मिरचीतही लिंबापेक्षा जास्त. आत्याला म्हटलं, सीसाठीच चोळायचं असेल तर मिरची चोळ. त्यावर तिनं मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

१० टक्क्यांच्या सीरममध्ये मात्र १०० मिलिलिटरला १० ग्रॅम, म्हणजे १०,००० मिलिग्रॅम सी असतं. लिंबाच्या निदान दोनशेपट.

पण नुसतं भरपूर असून भागत नाही, ते कातडीच्या आत शिरायला हवं. सीचं शुद्ध रूप म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१मध्ये डुकराच्या कातडीवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की हे रूप पीएच (आम्लतेची मोजपट्टी; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ३.५च्या खाली असेल तरच नीट आत जातं, २० टक्क्यांनंतर प्रमाण वाढवून फायदा होत नाही, आणि आत साठलेलं सी निम्म्यावर यायला साधारण चार दिवस लागतात. म्हणून ३० टक्क्यांची जाहिरात दिसली की मी पुढे सरकते. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो. ३.५ आणि २.५ ऐकायला जवळचे वाटतात, पण या मोजपट्टीत एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट आम्लता. सीरमही सुरुवातीला थोडं चुणचुणतं. फरक असा, की सीरममध्ये आंबटपणा मोजून ठेवलेला असतो, लिंबात तो फळाच्या मर्जीवर.

आत गेल्यावर सी काय करतं? उन्हानं आणि धुरानं त्वचेत जे फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर कण, तयार होतात, त्यांना ते स्वतःवर झेलतं. हे स्वयंपाकघरात रोज दिसतं: चिरलेल्या सफरचंदावर लिंबू पिळलं की फोडी काळ्या पडत नाहीत. त्यात आंबटपणाचा वाटा आहेच, पण रसातलं सीही हवेतल्या ऑक्सिजनचा मारा स्वतःवर घेत असतं. दुसरं काम कोलॅजनचं, म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं. कोलॅजनचे धागे घट्ट विणणाऱ्या एन्झाइमना सी लागतंच. ते शरीरात संपलं की हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उकलतात, तोच स्कर्व्ही. तिसरं काम, त्वचेचा काळा रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला ते आवर घालतं, म्हणून डाग हळूहळू फिके होतात. हळूहळू म्हणजे दोन-तीन महिने. आठ दिवसांत 'ग्लो' आला असं कुणी म्हणालं तर तो बहुधा सीरममधल्या ओलाव्याचा असतो.

माझ्या मते सगळ्यात भरवशाचा उपयोग सनस्क्रीनच्या जोडीनं आहे. सकाळी चेहरा धुवून सीरम, वर सनस्क्रीन. सनस्क्रीनमधून निसटलेल्या किरणांनी जी नासधूस होते, ती सी थोडी सावरतं. १५ टक्के सी आणि १ टक्का व्हिटॅमिन ई यांच्या जोडीत अर्धा टक्का, वनस्पतींत मिळणारं फेरुलिक अ‍ॅसिड घातलं तर त्या जोडीचं उन्हापासूनचं संरक्षण जवळपास दुप्पट होतं, असं २००५मध्ये ड्यूकच्याच मंडळींनी दाखवलं. सनस्क्रीनऐवजी सीरम हा व्यवहार मात्र जमायचा नाही.

आणि मोरावळा? तो जरूर खावा. पण रक्तातली सीची पातळी एका मर्यादेपुढे वाढत नाही, जादाचं लघवीवाटे जातं. चेहऱ्याला वेगळा हप्ता मिळत नाही.

लेबल वाचताना इंदूरच्या सराफा बाजारातली शिकंजी आठवावी. पुण्याचे पाहुणे लिंबू-पाणी समजून मागवतात आणि समोर येतो दाट दुधाचा, सुकामेव्याचा ग्लास. तसंच मोठ्या अक्षरांत 'व्हिटॅमिन सी' असलं तरी आत सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेटसारखा त्याचा एखादा भाऊबंद असू शकतो. हे भाऊबंद टिकाऊ आणि सौम्य असतात, नाजूक त्वचेला तेच बरे. फक्त शुद्ध सीइतका भक्कम पुरावा त्यांच्या पाठीशी नाही.

शुद्ध सीचं दुखणं म्हणजे ते टिकत नाही. हवा, उजेड, उष्णता, तिन्हींशी त्याचं वाकडं. माझी पहिली बाटली पारदर्शक काचेची होती आणि मी ती पश्चिमेच्या खिडकीत ठेवली. मे महिना, खोली भट्टीसारखी. पाण्यासारखं सीरम तीन आठवड्यांत आधी फिक्या चहासारखं आणि मग काळ्या कॉफीसारखं झालं. किंचित पिवळसर चालतं, तपकिरी झालं की त्यातलं काम करणारं सी बहुतेक संपलेलं असतं. म्हणून आता मी गडद काचेची, लहानात लहान बाटली घेते, झाकण घट्ट लावते आणि उन्हाळ्यात ती फ्रिजच्या दारात, जिरावन मसाल्याच्या डबीशेजारी ठेवते. नवीन असेल तेव्हा आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून पाहते. वांग असेल तर मात्र सीरमवर वेळ न घालवता डॉक्टर गाठलेले बरे.

आत्या अजून पोह्यांवर लिंबू पिळते. फोड आता ती तांब्याचा तांब्या घासायला ठेवते, त्या कामाला सायट्रिक अ‍ॅसिड कामी येतं.