खोक्याला पट्टा लावला म्हणून आसन होत नाही

नाशिकमध्ये व्हॅनचं कॅम्पर, म्हणजे आत झोपण्याची सोय असलेली गाडी, करून घेणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसलाय: मागच्या पलंगाच्या प्लायवूडच्या खोक्याला सीटबेल्ट बोल्टने आवळला, की तिथे चालत्या गाडीत माणूस बसवता येतो. हे चूक आहे, आणि जिवावर बेतणारं आहे.

हिशोब बघा. ताशी ५० किमी वेगातली गाडी ०.१ सेकंदात थांबली, तर ७० किलोच्या माणसाचा पट्ट्यावर सुमारे एक टन भार येतो. १८ मिमी प्लायमधून बोल्ट वॉशरसकट ओढला जातो. बोल्ट टिकला, तर अख्खं खोकंच जमिनीपासून सुटून माणसासकट पुढे येतं. कसारा घाटात उतारावर जोरात ब्रेक लागला, तरी मोकळी गादी, पाण्याचा कॅन, शेगडी पुढच्यांच्या पाठीवर येतात. भिंतीलगतचं आडवं बाकही प्रवासासाठी नको. तिथे कमरेचा पट्टा शरीर पिळतो, छातीला आधार देत नाही.

म्हणून आधी माणसं मोजा, मग पलंग आखा. तेवढी कंपनीची पुढे तोंड असलेली आसनं मूळ जागी, मूळ पट्ट्यांसह ठेवा. आसनं काढायची किंवा हलवायची असतील, तर काम सुरू करण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. पलंग त्यांच्या मागे: दोघांसाठी १९० बाय १२० सेमी. आडवा टाकायचा विचार असेल, तर आधी पॅनेलिंग (आतल्या भिंतींचं अस्तर) धरून आतली रुंदी मोजा; उंच माणसाचे पाय बहुधा मावत नाहीत. गादीखाली अखंड प्लाय नको, ५ सेमी फटी ठेवून लाकडी पट्ट्या टाका. नाहीतर इगतपुरीच्या पावसात गादी खालून बुरसते.