वळण आणि वाढ: मुलांच्या वागण्याकडे बघण्याची नजर कशी बदलली

२०१९च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आम्ही काही जण एका शाळेतल्या छावणीत मुलांसोबत बसायला जात होतो. चौथ्या दिवशी एक आजी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. पोरगा रात्री अंथरूण ओलं करायला लागला होता. "तिसऱ्या वर्षापासनं कधी केलं न्हवतं बघा. घोड्याएवढा झालाय, अन् आईचा पदर सोडत न्हाई. लाडावलाय नुसता." पोरगा आईच्या पदराचं टोक तोंडात धरून उभा होता.

तो लाडावलेला नव्हता. घाबरलेलं मूल वाढीच्या वाटेवर दोन पावलं मागे येतं, पूर्वी जिथे सुरक्षित वाटलं होतं तिथे. आजींना हे पाच मिनिटांत सांगता आलं. पण त्या पाच मिनिटांमागे दीडशे वर्षांची निरीक्षणं आहेत.

'लालयेत् पंच वर्षाणि' हा श्लोक आपल्याकडे जुनाच. पाच वर्षं लाड करा, पुढची दहा वर्षं धाकात ठेवा, सोळावं लागलं की मित्रासारखं वागा. म्हणजे वयाचे टप्पे आपल्या लोकांना दिसत होते. पण मोठ्यांनी कसं वागावं एवढंच तो श्लोक सांगतो. मूल तसं का वागतं, हे विचारत नाही. युरोपातही इंग्लिश विचारवंत जॉन लॉकने १७व्या शतकाच्या अखेरीस मुलाचं मन कोऱ्या पाटीसारखं मानलं आणि फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या रूसो या विचारवंताने १७६२ साली मुलाला त्याच्या निसर्गाप्रमाणे वाढू द्या म्हटलं. दोघांचं म्हणणं मोलाचं, तरी ते विचार करून काढलेलं होतं. रोज मुलापाशी बसून टिपलेलं नव्हतं.

टिपायला बसला तो चार्ल्स डार्विन. १८३९ साली जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाच्या नोंदी त्याने ठेवल्या आणि १८७७ मध्ये छापल्या. बाळ कधी दचकलं, कधी रागावलं, सगळं वयासकट. सव्वादोन वर्षांचा असताना हा मुलगा, राग आला की समोरच्याला पुस्तकं नाहीतर काठ्या फेकून मारण्यात पटाईत झाला होता, असं डार्विन लिहितो. 'मुलगा बिघडलाय' असा शेरा त्यावर नाही. वागणं आणि वय शेजारी-शेजारी लिहिलं की प्रश्नच बदलतो. विकासात्मक दृष्टिकोनाचं, म्हणजे वागण्याकडे वाढीचा टप्पा म्हणून बघण्याचं, मूळ मला तरी या साध्या सवयीत दिसतं.

विसाव्या शतकात मात्र ओढाताण सुरू झाली. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसनने १९२० साली अकरा महिन्यांच्या एका बाळासमोर पांढरा उंदीर ठेवला आणि बाळ त्याला हात लावायला गेलं की मागे लोखंडी दांडीवर हातोडा मारला. थोड्याच दिवसांत बाळ नुसता उंदीर बघून रडायला लागलं. वागणं घडवता येतं हे त्याने दाखवलं खरं, पण त्या बाळाची भीती घालवायची राहून गेली. हे मला आजही वाचवत नाही. दुसरीकडे मुलांच्या वाढीचा अभ्यासक आर्नल्ड गेसेल. त्याने जुळ्या बहिणींपैकी एकीला सहा आठवडे जिना चढायला शिकवलं. दुसरीला नंतर दोनच आठवडे शिकवलं, तरी तिने पहिलीला गाठलं. वाढ आपल्या वेळेने होते, असा त्याने निष्कर्ष काढला. बाळाला पांगुळगाडा देण्याची घाई करणाऱ्या घरांनी तो ऐकावा असाच आहे. पण तोही पुरा नाही. केनियातल्या किपसिगिस समाजात बाळांना बसायला, चालायला मुद्दाम शिकवतात आणि ती बाळं त्या गोष्टी लवकर करतात, हे १९७० च्या दशकात दिसलं. वळणही खरं आणि वाढही खरी.

या दोन्हींमध्ये मूल स्वतः विचार करत असतं, हे दाखवलं स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेने. पॅरिसमध्ये बुद्धिमापनाच्या चाचण्या घेताना, एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकतात हे त्याच्या लक्षात आलं. घरी करून बघा. दोन भावंडांना सारखी अर्धी-अर्धी भाकरी द्या आणि धाकट्याच्या अर्धीचे चार तुकडे करा. "मला जास्त!" म्हणून तो खुलतो. त्याला हिशेब येत नाही असं नव्हे. त्या वयात दिसण्यावरूनच हिशेब होतो.

छावणीतल्या मुलाचं कोडं उलगडलं ते मात्र युद्धातून. दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी मनोविश्लेषक लंडनमध्ये मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या. बॉम्बपेक्षा आईपासून झालेली ताटातूट मुलांना जास्त मोडते, आणि अशी मुलं पुन्हा अंथरूण ओलं करतात, अंगठा चोखतात, हे त्यांनी लिहून ठेवलं. १९५१ मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बीने जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या अहवालात याच जिव्हाळ्याच्या नात्यावर बोट ठेवलं. तोवर इंग्लंडच्या इस्पितळांत आजारी मुलाला आईबाप ठरल्या वेळीच भेटू शकत. आपल्याकडे आई खाटेखाली चटई टाकून झोपतेच; तिला हे कोणी शिकवावं लागलं नाही.

महाराष्ट्रात ही नजर आली ती ताराबाई मोडकांमुळे. गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून त्या १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघांसोबत आदिवासी पाड्यांवरच्या अंगणातच बालवाडी भरवू लागल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. साताऱ्यात तर १९२४ पासून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत होती. भोवताल बदलला की मूल बदलतं, याची त्यांना खात्री होती.

अंगणवाडीत आहार आणि वजनाची नोंद चोख होते. वागण्याची नोंद आपण अजून मनावर घेतलेली नाही. दिवाळीनंतर सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे आईबाप फडात गेले की कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, आठ वर्षांची मुलगी उरते, कडेवर धाकटा भाऊ. मागच्या हंगामात अशीच एक भेटली. भावाला दूध पाजून तिने त्याचं तोंड ओढणीने पुसलं आणि आमच्या अंगणवाडीच्या बाहुलीकडे बराच वेळ बघत राहिली. "घे की," म्हटलं, तर म्हणाली, "ह्यो रडंल." मग भाऊ झोपल्यावर ती आपणहून आली आणि बाहुलीला घेऊन, पाठ करून बसली.