ब्योमकेश बक्षी

बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) यांनी निर्माण केलेला सत्यशोधक आणि त्याच्याभोवती रचलेल्या रहस्यकथांची मालिका. पहिल्या कथा १९३२च्या सुमारास लिहिल्या गेल्या. लेखकाच्या मृत्यूपर्यंत ३२ कथा पूर्ण झाल्या आणि ३३वी, ‘बिशुपाल बध’, अर्धवट राहिली. भारतीय भाषांतल्या अभिजात रहस्यकथांमध्ये या मालिकेचे स्थान फार वरचे आहे. महाराष्ट्रात ब्योमकेशची ओळख मुख्यतः दूरदर्शनवरील हिंदी मालिकेमुळे झाली. त्याच्या बऱ्याच कथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या, हे मात्र इथल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

शरदिंदूंचा जन्म जौनपूरचा आणि शिक्षण कायद्याचे. १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला ते मुंबईत आले. १९५२मध्ये सिनेमा सोडून ते पुण्यात स्थायिक झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. मालिकेचे दोन कालखंड या आयुष्याला धरूनच पडतात. मुंबईला येण्यापूर्वी १० कथा झाल्या होत्या. मग सुमारे १५ वर्षे ब्योमकेश गप्प होता. १९५१च्या ‘चित्रचोर’पासून तो परतला आणि त्यानंतरच्या बहुतेक कथा पुण्यातल्या मुक्कामात उतरल्या. शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या साहसकथाही शरदिंदूंनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. ‘शैलरहस्य’ ही ब्योमकेशकथा तर महाबळेश्वरात घडते. कामानिमित्त पुण्याला आलेला ब्योमकेश थंडीच्या दिवसांत तिथल्या एका पारशी मालकाच्या हॉटेलात उतरतो, त्याला खोलीत भुताची चाहूल लागते आणि हे सारे तो कोलकात्याला आपला मित्र अजित याला पत्राने कळवतो. इतर कथांत भुताखेतांना थारा न देणारा हा तर्कनिष्ठ माणूस इथे चक्क गोंधळतो, आणि लेखकही त्याला लगेच सोडवत नाही.

पहिल्या कथांचा साचा सरळ इंग्रजी रहस्यकथेचा आहे. बुद्धिमान नायक, त्याच्यासोबत राहणारा आणि त्याच्या हकिगती लिहिणारा मित्र, दारात येऊन अडचण सांगणारा अनोळखी माणूस, ही सगळी मांडणी त्यात आहे. ‘सत्यान्वेषी’ कथेत ब्योमकेश खोटे नाव घेऊन कोलकात्याच्या एका मेसमध्ये राहायला येतो आणि खोलीचा भागीदार असलेल्या अजित बंद्योपाध्यायशी त्याची मैत्री जुळते. पुढे दोघे हॅरिसन रोडवरच्या घरात राहतात. चहा आणायला पुंटीराम आहे, सकाळची वर्तमानपत्रे आहेत आणि त्यांतल्या छोट्या जाहिराती ब्योमकेश बातम्यांपेक्षा बारकाईने वाचतो. गुप्तहेर म्हणवून घेणे त्याला आवडत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो.

रहस्यांची कल्पकताही दाद देण्यासारखी आहे. ‘पथेर काँटा’त भर रस्त्यावर ग्रामोफोनच्या सुईने माणसे मरतात. ‘शजारुर काँटा’त खुनी साळिंदराचा काटा वापरतो. ‘माकडसार रस’मध्ये घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या म्हाताऱ्याला कोळ्याच्या विषाची नशा कुठून मिळते, एवढाच प्रश्न आहे आणि तो पुरेसा आहे.

तरीही ब्योमकेशला त्याच्या विलायती पूर्वजांपासून वेगळे करते ते त्याचे घर. ‘अर्थमनर्थम्’ कथेत भावावर खुनाचा संशय आलेली सत्यवती त्याला भेटते, आणि पुढे त्यांचे लग्न होते. अभिजात रहस्यकथेचा नायक बहुधा सडाफटिंग असतो. भावना त्याच्या तर्कात अडथळा आणतात असे मानले जाते. शरदिंदूंनी ही रीत मोडली. ब्योमकेशला मुलगा होतो, तो आजारी पडतो, नवराबायकोत रुसवेफुगवे होतात, वय वाढते, पुढे दक्षिण कोलकात्यात केयातल्याला स्वतःचे घर उभे राहते. अजित पुस्तक प्रकाशनात गुंततो आणि शेवटच्या काही कथांत निवेदन त्याच्याकडे राहत नाही. काळही पुढे सरकतो. ‘अमृतेर मृत्यू’त महायुद्धानंतर मागे राहिलेली शस्त्रे आहेत, तर ‘आदिम रिपू’ १९४६च्या दंगलीत सुरू होऊन स्वातंत्र्याच्या पहाटेपाशी येते. या कथेत ब्योमकेशला खुनी सापडतो, पण तो त्याला पोलिसांच्या हवाली करत नाही. सत्य शोधणे आणि शिक्षा देणे ही त्याच्या लेखी दोन निराळी कामे आहेत. मालिकेतली सर्वांत प्रौढ कथा म्हणून हिचेच नाव घ्यायला हवे.

पडद्यावर तो मोठ्या दिमाखात आला. सत्यजित राय यांच्या ‘चिडियाखाना’त (१९६७) उत्तमकुमार ब्योमकेश झाले. त्या वर्षीचे दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक रायांना मिळाले, आणि उत्तमकुमारांच्या अभिनय पारितोषिकातही या भूमिकेचा वाटा होता. चित्रपटातला ब्योमकेश घरात साप पाळतो आणि जपानी माणसाचे सोंग घेऊन तपासाला जातो. हे पाहायला गंमत येते, पण मूळ कथेतल्या शांत, साध्या माणसाशी त्याचे नाते तुटते. राय स्वतःही या चित्रपटावर समाधानी नव्हते.

खरा ब्योमकेश सापडला तो १९९३ साली. बासू चटर्जींनी दूरदर्शनसाठी केलेल्या मालिकेत रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित आणि आपल्या सुकन्या कुलकर्णी सत्यवती होत्या. १९९७मध्ये तिचा दुसरा भाग आला. खर्च बेताचा, दृश्ये बहुतेक घरातली, पाठलाग आणि हाणामारी जवळपास नाही. माणसे खुर्च्यांवर बसून बोलतात आणि प्रेक्षक ऐकत राहतो. मध्यमवर्गीय घरातली बोलणी नाट्यमय कशी करायची हे चटर्जींना त्यांच्या चित्रपटांपासूनच साधलेले होते, आणि शरदिंदूंच्या कथांना नेमके तेच हवे होते. रजित कपूर आवाज चढवत नाहीत. समोरचा बोलत असताना त्यांचे ऐकणे पाहावे. संशय कुठे पडला ते तिथेच दिसते. सुकन्या कुलकर्णींची सत्यवती शोभेपुरती बसत नाही, नवऱ्याच्या उत्तरातली पळवाट ती लगेच पकडते. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली आणि नव्या पिढीलाही ती पाहता आली.

त्यानंतर बंगालीत ब्योमकेशपटांची रांगच लागली. २०१० पासून अंजन दत्त यांच्या चित्रपटांत अबीर चटर्जींनी ही भूमिका केली. ऋतुपर्ण घोष यांचा ‘सत्यान्वेषी’ त्यांच्या निधनानंतर २०१३ साली प्रदर्शित झाला. २०१७ पासूनच्या वेबमालिकेत अनिर्बाण भट्टाचार्य दिसतात. हिंदीत दिबाकर बॅनर्जींनी २०१५मध्ये सुशांतसिंह राजपूतला घेऊन युद्धकाळातले कोलकाता उभे केले. ट्राम, धूर आणि जपानी हल्ल्याची धास्ती यांनी भरलेले हे शहर विसरता येत नाही. मात्र कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला हा नायक पुढे संसारी होईल अशी खूण त्यात फारशी सापडत नाही.

नव्या वाचकाने ‘सत्यान्वेषी’ किंवा ‘पथेर काँटा’पासून सुरुवात करावी, श्रीजाता गुहा यांचे इंग्रजी अनुवाद त्यासाठी चांगले आहेत. कथा आधी वाचावी आणि तिचे दूरदर्शन रूप नंतर पाहावे. कागदावर आपल्याला अजितला दिसते तेवढेच दिसते आणि फसगतही त्याच्याबरोबरच होते. कॅमेरा मात्र अजितच्या पाठीमागचेही दाखवून जातो. उलगडा माहीत असताना पाहिले की अभिनेत्यांनी कोणता दुवा कुठे पेरला होता तेही ध्यानात येते, आणि उत्तम रहस्यकथा दुसऱ्यांदा अनुभवण्याचा आनंद त्यातच आहे.