चाळीसची बाटली आणि शंभरची: इन्सुलिन पंपावर जाण्याआधी हे बघा

मुलीला टाइप १ मधुमेह आहे. सिरिंजवरून इन्सुलिन पंपावर, म्हणजे नळीतून शरीरात सतत इन्सुलिन सोडणाऱ्या छोट्या यंत्रावर, आलो तेव्हा बटणं, अलार्म, नळी बदलणं सगळं शिकलो. बाटलीवरच्या आकड्याचं महत्त्व मात्र मला नंतर कळलं, म्हणून पंपाची तयारी करणाऱ्या आईबापांसाठी लिहिते आहे.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एकीत दर मिलीला ४० युनिट, दुसरीत १००. कोकमचं आगळ आणि सरबत लांबून सारखंच दिसतं, तसंच हे. युनिट तेच, फक्त एक दाट आणि एक पातळ. सिरिंजही वेगळ्या: ४० साठी लाल टोपीची, १०० साठी नारिंगी.

पंपाला शंभरचंच इन्सुलिन लागतं. आत किती औषध ढकलायचं याचा हिशोब तो १०० धरूनच करतो. चुकून चाळीसचं भरलं, तर ६ युनिट सांगितल्यावर शरीरात जातात २.४. साखर चढत राहते आणि आपण नळीला नाहीतर रात्रीच्या जेवणाला दोष देत बसतो.

उलटी चूक, म्हणजे शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने घेणं, जास्त भयंकर. एका रात्री नळी अडली, पंप ओरडायला लागला. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, लांब टिकणारं नसतं. पुरवठा तुटला की काही तासांत रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर साचणारी घातक आम्लं, वाढू शकतात. म्हणून आमच्या ह्यांनी घाईत फ्रिजमधली पंपाची बाटली आणि हाताला लागलेली लाल सिरिंज घेतली. ६ च्या रेघेपर्यंत ओढलं असतं तर पोरीच्या अंगात १५ युनिट गेले असते. झोपेतच साखर कोसळली असती. टोपीचा रंग दिसला म्हणून मी हात धरला. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

लाल सिरिंज घरातून काढून टाकता येत नाहीत, कारण सासूबाई चाळीसचंच घेतात. नाशिकमध्ये अशी घरं बरीच असतील, आजी एकावर आणि नात दुसऱ्यावर. आता सासूबाईंचा लाल झाकणाचा डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मुलीचा वर. नारिंगी सिरिंज पंपाच्या पिशवीत आणि शाळेच्या दप्तरात. आणि गंगापूर रोडच्या मेडिकलमध्ये नुसतं 'इन्सुलिन द्या' म्हणत नाही; 'शंभरची बाटली' म्हणते आणि काउंटरवरच आकडा वाचून घेते.