एका पिकावर जगणारी अळी, वर्षाला एक अंडं घालणारं गिधाड

भाद्रपदात परभणी-जालन्याकडच्या कापसातून फिरताना काही फुलं धड उमललेलीच दिसत नाहीत. पाकळ्या टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. हीच डोमकळी. अलगद उलगडली तर आत बारीक रेशमी धाग्यांनी पाकळ्या बांधून बसलेली इवलीशी गुलाबी बोंडअळी सापडते. लहानपणी ती पांढुरकी असते, गुलाबी रंग नंतर चढतो. पुढच्या पिढीच्या अळ्या बोंडात शिरून सरकी खातात. बोंड बाहेरून ठणठणीत दिसतं आणि वेचणीला हाती येते ती पिवळी पडलेली कवडी, म्हणजे किडका कापूस.

खरं तर ही अळी बीटी कापसावर जगायलाच नको होती. बीटी वाणाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं बियाणं २००६ मध्ये आलं. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचं जनुक त्यात घातलेलं असतं, त्यामुळे झाड स्वतःच अळीला मारणारं प्रथिन तयार करतं. अळीनं बोंड कुरतडलं की पहिल्या जनुकाचं प्रथिन तिच्या आतड्यातल्या पेशींवरच्या कॅडहेरिन नावाच्या रेणूला जाऊन चिकटतं, पेशींना भोकं पडतात आणि अळी मरते. सुरुवातीची काही वर्षं सगळं असंच चाललं. मग गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देईनाशी झाली, पुढे दुसऱ्यालाही. २०१७ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या शेतकऱ्यांचं उभं पीक तिनं पोखरलं.

अळीला विषाची सवय झाली, असं आपण सहज म्हणून जातो. पण कुठल्याही एका अळीला सवय झालेली नाही. जिचं कॅडहेरिन धड होतं, ती मेली. मात्र कोट्यवधी अळ्यांत काही मोजक्या अशा होत्या, की त्यांच्या कॅडहेरिनच्या जनुकात आधीपासूनच मोडतोड होती. आईबापांकडून पिल्लांकडे जनुकांची नक्कल उतरताना अशा चुका होतच असतात. बीटी नसतं तर या चुकीचा त्या अळ्यांना काडीचाही फायदा नव्हता. बीटी आल्यावर ते पीक चाळणी झालं आणि चाळणीवर फक्त याच अळ्या उरल्या. त्यांचंच लग्न त्यांच्याशीच लागलं, त्यांचीच पिल्लं शेतभर झाली. डार्विन आणि वॉलेस यांनी १८५८ मध्ये मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच. हा बदल इतका संथ असतो की डोळ्यांदेखत दिसत नाही, असं डार्विनला वाटत असे. आपल्याकडे तो पंधरा वर्षांत दिसला.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या अळ्या तपासल्या, तेव्हा कॅडहेरिनच्या जनुकातली मोडतोड एकाच प्रकारची नव्हती, तऱ्हेतऱ्हेची होती. म्हणजे तोच मार्ग वेगवेगळ्या अपघातांतून अनेकदा खुला झाला. आणि अळीला मिळालं काय, तर एक बिघाड! उत्क्रांती म्हणजे प्रगती, ही समजूत इथे टिकत नाही. त्या घडीला, त्या शेतात जे चाललं, ते पुढे गेलं.

हे होणार, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. सहनशक्ती यायची तर आईकडून आणि बापाकडून आलेल्या, जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. एक प्रत धड असेल तर अळी बीटीवर मरते. म्हणून बीटीच्या कडेनं साध्या कापसाच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र ठेवायचं ठरलं, म्हणजे तिथल्या अळ्यांचे झालेले साधे पतंग तगलेल्या पतंगांशी जोडी करतील आणि पिल्लं पुन्हा मरतील. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं बियाणं त्यासाठीच यायचं. ते फारसं कुणी पेरलं नाही. याचा दोष एकट्या शेतकऱ्यावर टाकणं मला पटत नाही. तीन एकर कोरडवाहूच्या धन्याला पाच ओळी अळीसाठी सोडा म्हणायचं आणि भरपाईचं नाव काढायचं नाही, हे धोरणच लंगडं होतं. त्यात विहिरीला पाणी असलं की डिसेंबरात पऱ्हाटी उपटायची सोडून फरदड, म्हणजे त्याच झाडांवर लांबवलेलं पीक, घेतली जाते. मग त्या अळीला वर्षात आणखी पिढ्या काढायला ताटात वाढूनच दिल्यासारखं होतं.

आता त्याच शेतातली दुसरी अळी पाहा. हिरवी बोंडअळी, म्हणजे तुरीवर आणि हरभऱ्यावर पडणारी घाटेअळी. बीटी येण्याआधी कापसाची खरी वैरीण तीच होती. बीटी तिच्यावरही पडलं, पण ती गुलाबीइतकी निर्ढावली नाही. कारण मराठवाड्याच्या पीकपद्धतीत आहे. घाटेअळी तूर, हरभरा, टोमॅटो, सगळ्यांवर जगते. कापसाच्या दोन ओळींमधली तूरच साधे पतंग पुरवत राहिली, पाच ओळींचं काम तिनं फुकटात केलं. गुलाबी अळीचा संसार मात्र जवळजवळ सगळा कापसावर. बीटीच्या चाळणीतून तिची एकही पिढी सुटली नाही.

पण एकाच पिकावरचा हा भरवसा उलटतोही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी साध्या कापसाच्या ओळी इमानानं राखल्या, २००६ पासून तिथे नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडले. अळीला कापसाबाहेर आसरा नव्हता. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून ती नाहीशी झाल्याचं जाहीर झालं.

नामशेष होण्याचं गणितही याच हिशोबात बसतं. मांजरा नदीच्या खोऱ्यात जुन्या गाळात हत्तींचे आणि पाणघोड्यांचे जीवाश्म सापडले आहेत. बारमाही पाण्यावाचून ज्याचं चालत नाही, असा पाणघोडा एके काळी इथे नांदत होता. हवामान कोरडं होत गेलं आणि भारतातून तो संपला.

गिधाडांची गोष्ट तर आपल्या हयातीतली. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की गिधाडांचा थवा उतरायचा, हे पन्नाशीपुढच्या अनेकांनी पाहिलं आहे. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. गुराढोरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक त्यांच्या मूत्रपिंडाचा घात करतं, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. शंभरात एखाद्या मेलेल्या जनावरात हे औषध असलं तरी विनाशाला पुरेसं होतं, कारण एका जनावरावर अख्खा थवा जेवतो.

अळीवर विष पडलं आणि ती तगली, गिधाडावर पडलं आणि ते संपलं. बोंडअळीची मादी शेकड्यानं अंडी घालते आणि एका हंगामात चार-पाच पिढ्या होतात. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि पिल्लाला वयात यायला पाचेक वर्षं लागतात. पंधरा वर्षांत त्याच्या जेमतेम तीन पिढ्या होतात. उपयोगी अपघात घडून तो वंशात पसरायला एवढा अवधी पुरत नाही.

पिढ्या वाढवणं गिधाडांच्या हाती नाही, विष कमी करणं आपल्या हाती आहे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे आणि ते सहज मिळतं. गोठ्यातल्या बैलाला दुखण्याचं इंजेक्शन द्यायला डॉक्टर येतील, तेव्हा कुठलं औषध देताय एवढं जरूर विचारा आणि मेलॉक्सिकॅम मागून घ्या.